बटाट्याची घनता

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षातून एकच गोष्ट मनापासून व्हायची, ती म्हणजे खंडेनवमीची पूजा. त्या दिवशी काचेचं कपाट उघडायचं, तराजू टेबलावर यायचा, वजनांची लाकडी पेटी उघडायची, सूक्ष्मदर्शकावरचं प्लॅस्टिक निघायचं, आणि आमचे विज्ञानाचे निकम सर इस्त्रीचा सदरा घालून या सगळ्यांपुढे हात जोडून उभे राहायचे. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढायचं. तो फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडेपर्यंत तराजू परत कपाटात गेलेला असायचा. मग पुढच्या खंडेनवमीपर्यंत कपाटाला कुलूप. का, तर पोरी फोडतात. आम्ही काही फोडल्याचं मला आठवत नाही, कारण फोडण्यासाठी वस्तू हातात यावी लागते.

मग प्रयोग कसे व्हायचे? फळ्यावर व्हायचे. शाळेत पूनमताईची वही नावाची एक वस्तू होती. ही पूनमताई आमच्याआधी कित्येक वर्षं बोर्डात चमकून गेलेली. तिचं अक्षर मोत्यासारखं आणि समास लाल शाईचा. तिची प्रयोगवही सरांनी ठेवून घेतली होती आणि प्रत्येक तुकडी त्या वहीतले आकडे आपापल्या वहीत उतरवायची. सर त्याला ‘जर्नल पूर्ण करणे’ म्हणायचे. एखाद्या मुलीला सगळ्यांचे आकडे सारखे दिसण्याची लाज वाटली, तर त्यावरही सरांकडे उपाय होता: उत्तर आधी लिहायचं, मग वस्तुमान मनाने थोडं बदलायचं आणि भागाकार करून आकारमान मागून आणायचं. न मोजलेल्या वस्तूचं माप दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक लिहायचं हे शिक्षण मला सरकारमान्य शाळेत मिळालं आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली आज त्याच कौशल्यावर उत्तम नोकऱ्या करत आहेत.

मी अजून तिशीच्या अलीकडे आहे, आणि आत्मचरित्र लिहायचं हे वय नव्हे असं मला दोन-तीन वडीलधाऱ्यांनी कळवलं आहे. त्यांना वाटतं तसं थोर काही मी सांगणार नाही. एका बटाट्याची गोष्ट सांगायची आहे, आणि ती उशिरा सांगितली तर मी ती गोड करून सांगेन अशी मला भीती वाटते.

आमचं घर साताऱ्यात एमआयडीसीच्या बाजूला, दोन खोल्यांचं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि एका कारखान्याच्या फाटकावर सिक्युरिटीला लागले. पहाटे साडेचारला त्यांच्या बुटांवर ब्रश फिरण्याचा आवाज आला की आमचा दिवस सुरू व्हायचा. आई अंगणवाडी सेविका, आणि तिच्या संघटनेची सगळी पत्रकं तीच लिहायची. भाकरी थापता थापता तिच्या तोंडून वाक्यं यायची आणि मी चुलत्याच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर ती उतरवून घ्यायची. थाप पडायची, ‘मायबाप सरकार’, पुन्हा थाप, ‘आम्ही भीक मागत नाही’, मग भाकरी तव्यावर. तव्याचा वास, मिरचीच्या खर्ड्याचा ठसका आणि उद्गारचिन्हं हे माझ्या डोक्यात आजही एकत्रच आहेत. छापून आलेले गठ्ठे घरात पलंगाखाली असायचे. मी अक्षरओळख त्यांच्यावर केली. इतर मुली बडबडगीतं म्हणत तेव्हा मला ‘निषेध’ लिहिता येत होतं. नाव तर आईने क्रांतीच ठेवलेलं. वर्गात शिरले की मागच्या बाकावरून शुभांगी ओरडायची, “आली गं, क्रांती आली! दारं-खिडक्या लावा!” शुभांगी माझी जिवलग. तिने आयुष्यात एकही आकडा स्वतः मोजला नाही आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही.

नववीत पुस्तकात घनतेचा धडा आला. त्याच सुमारास शाळेत बातमी आली की जिल्ह्याचे साहेब प्रयोगशाळा बघायला येणार. सरांची झोप उडाली. त्यांनी ‘रोजच्या वापरातील वस्तूंची घनता’ असा विषय काढला आणि प्रत्येकीला घरून एकेक वस्तू आणायला सांगितली. कुणी साबणाची वडी आणली, कुणी सुपारी, कुणी खलबत्त्याचा बत्ता. शुभांगीने खडीसाखर आणली आणि तास संपायच्या आत खाऊन टाकली. मी बटाटा नेला. आमच्याकडे त्या दिवशी तेवढंच होतं.

खरं मोजायचं कुणाच्या मनात नव्हतं. वस्तू टेबलावर मांडायच्या, पुढे पुठ्ठ्यावर पूनमताईचे आकडे लावायचे, एवढीच योजना. पण साहेबांनी ऐन वेळी ‘करून दाखवा’ म्हटलं तर? म्हणून एका मुलीला तराजू येत असावा असं सरांना वाटलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू ये मधल्या सुट्टीत. भाषण देतेस ना, मग एवढं कर. मामा दाखवतील.”

मामा म्हणजे बापूमामा, प्रयोगशाळेचे परिचर. मूळचे म्हसवडकडचे, पन्नाशीचे, अंगाने काटकुळे. अकरा वर्षं मानधनावर होते. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव जिल्ह्याला गेलेला होता आणि तो याच साहेबांच्या टेबलावर होता, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, कारण बापूमामा ते सगळ्यांना सांगायचे. बायकोला आणि लेकीला गावाकडे ठेवून ते शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होते, आणि कायम झालं की त्यांना इकडे आणायचं होतं. सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस त्या अख्ख्या शाळेत एकटाच होता ज्याला तराजूची भाषा येत होती. आधीच्या एका शिक्षकाने शिकवलेली.

“हातानं न्हाई गं उचलायचं वजन,” ते माझ्या बोटावर चापटी मारत म्हणाले. “हाताला घाम असतुय. चिमट्यानं धर. आन् श्वास रोख. पाखरू बसलंय फांदीवर असं समज. हल्लीस की उडलं.”

पायाचे स्क्रू फिरवून तराजू सपाटीला कसा आणायचा, काटा थांबायची वाट न बघता त्याच्या झोक्यावरून मधली खूण कशी ओळखायची, वाचन एकदा घेऊन समाधान का मानायचं नाही, हे सगळं मला त्यांनी चार दिवसांच्या मधल्या सुट्ट्यांत शिकवलं. डबा तिथेच खायचे मी. ते म्हणायचे, “तेलाचा हात पुस आधी, मग ये.” निकम सर दारातून एकदा डोकावले, आणि “चालू दे” म्हणून गेले.

पाचव्या दिवशी मी बटाटा मोजला. अख्खा मापाच्या काचेच्या नळीत मावेना म्हणून त्याचा लांबट तुकडा काढला. वजन आलं एकोणपन्नास ग्रॅम. नळीतलं पाणी चाळिसावर होतं, तुकडा सोडल्यावर नव्वदावर गेलं. म्हणजे आकारमान पन्नास. घनता शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव. पूनमताईच्या वहीत होती एक पूर्णांक शून्य सात. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वर्षानुवर्षं उतरवलेला आकडा खोटा, आणि तो मी पकडला! मी वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत पळाले.

निकम सर शेंगदाणे खात होते. त्यांनी वही बघितली आणि ते हसले. “बटाटा पाण्यात बुडतो का तरंगतो?”

“बुडतो.”

“मग एकपेक्षा कमी कशी येईल घनता? घरी भाजी कुणी केलीय का नाही कधी? जा, एक पूर्णांक शून्य सात लिही. काय गं, नोबेलला बसलीयेस का तू?”

सगळे शिक्षक हसले. मला रडू आलं ते अपमानामुळे नव्हे. सर बरोबर होते! ज्या माणसाने दहा वर्षांत तराजूला हात लावला नव्हता तो बरोबर, आणि श्वास रोखून मोजणारी मी चूक. माझा तुकडा नळीच्या तळाशी बसलेला मी स्वतः पाहिला होता. खोटेपणाने मिळवलेलं खरं उत्तर इतकं किळसवाणं असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. त्याहून किळसवाणं काही मला नंतरही फारसं भेटलेलं नाही. निकम सर आता मुख्याध्यापक आहेत, असं ऐकते.

मी बापूमामांकडे परत गेले. त्यांनी तक्रार ऐकली, तराजू तपासला, रिकामी तागडी झुलवून बघितली. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी पेटीतल्या वजनांकडे बघितलं. त्यांना वजनं म्हणायचं म्हणून म्हणायचं. दर खंडेनवमीला त्यांना तेलात कालवलेलं हळदीकुंकू लागत होतं आणि प्रत्येकाच्या गळ्यात लाल नाडा बांधला जात होता. जुना नाडा काढायचा नसतो म्हणे. अकरा वर्षांचे नाडे आणि अकरा वर्षांची पुटं. वीस ग्रॅमच्या वजनाची मान दिसतच नव्हती, शेंदूर माखलेल्या देवासारखं ते पेटीत बसलं होतं. वजन फुगलेलं, म्हणून बटाटा हलका.

बापूमामा खाली बसले. “म्याच की गं बांधलं. दरसाली. वस्तूला मान द्यावा म्हणून.”

त्यांनी चिंच आणली. आम्ही नाडे कापले, पुटं खरवडली आणि पितळ घासलं. कोरडी करून वजनं पुन्हा मांडली. बटाटा त्रेपन्न ग्रॅम भरला. एक पूर्णांक शून्य सहा. तीनदा मोजला, तीनदा तोच. बापूमामा लहान पोरासारखे हसले, आणि मग एकदम गंभीर झाले.

“ह्ये साहेबाम्होरं काढू नगंस हं, पोरी. माझा कागद हाय त्यांच्याकडं.”

“तुमचं नावसुद्धा येणार नाही, मामा,” मी म्हटलं. आणि बटाटा तोलायला वापरलेल्या वजनांची खरवड आणि नाडे मी कागदात बांधून दप्तरात टाकले. मला निकम सरांना उघडं पाडायचं होतं. त्यासाठी मी घरी बसून एक वाक्य तयार केलं. आईला ऐकवलं. आई म्हणाली, “झकास! हे मथळ्याचं वाक्य आहे.” कुणाच्या विरुद्ध आहे ते तिने विचारलं नाही. मथळा चांगला असला की आमच्या घरात तसं विचारायची पद्धत नव्हती.

साहेब आले. हार झाले, नारळ झाला, स्वागतगीत झालं. प्रयोगशाळेत टेबलावर साबण, सुपारी, बत्ता आणि बटाटा पांढऱ्या कापडावर मांडलेले, समोर पुठ्ठ्यावर आकडे. साहेबांनी खरोखरच करून दाखवा म्हटलं. मी बटाटा तोलला, पाण्यात सोडला, घनता काढली. सर घाम पुसत होते आणि हसत होते. मग कुणी न सांगता मी दप्तरातली पुडी काढली, तिच्यातले नाडे आणि खरवड तागडीत ओतली, समोर दोन-दोन ग्रॅमची दोन वजनं ठेवली. काटा मधोमध आला.

“साहेब,” मी म्हटलं, “ही आमच्या प्रयोगशाळेतली चार ग्रॅम श्रद्धा. गेली अकरा वर्षं हिचं ओझं बटाटा वाहतो आहे.”

वाक्य छान पडलं. साहेबांनी आधी डोळे मोठे केले, मग ते मोठ्याने हसले. बरोबरचे लोकही हसले. मी निकम सरांकडे बघत होते, त्यांचा चेहरा कधी पडतो याची वाट बघत. तो पडला नाही.

“कुणी बांधलं हे?” साहेबांनी विचारलं.

सरांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. “आमचे परिचर, साहेब. अडाणी माणूस. मीच म्हटलं मुलीला, शोधून काढ चूक कुठाय ती.”

बापूमामा दारात उभे होते. हातात चहाचा ट्रे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ट्रेकडे बघितलं. साहेबांनी त्यांना चहा ठेवायला सांगितलं आणि शेरेवहीत लिहिलं की प्रयोगशाळेसाठी अर्हताप्राप्त परिचर असावा. माझी पाठ थोपटली. “विभागीय प्रदर्शनाला पाठवा हिला. सांगलीला. मी असेन तिथे.”

शुभांगी बाहेर आल्यावर म्हणाली, “काय बोललीस गं! पण मामा मेले ना.” ती नेहमीसारखंच सहज म्हणाली. अख्ख्या वर्गात तिलाच कळलं होतं.

सांगलीला निघायच्या आदल्या दिवशी बापूमामांनी मला फाटकाशी गाठलं. रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, “हेडबाई म्हणत्यात, कागद अजून साहेबाच्या टेबलावरनं हलला न्हाई. साहेब तितं भेटतीलच. त्यांनी विचारलं तर येवढंच सांग की तराजू मामानं शिकवला म्हणून. लय न्हाई सांगायचं. येवढंच.”

“सांगते की, मामा. विचारलं नाही तरी सांगते.”

एसटीत सरांनी मला खिडकीची जागा दिली. कराडला त्यांनी वडापाव खाऊ घातला, आणि पुढे सगळ्या वाटेत ते माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेत होते. सांगलीत उतरल्यावर त्यांनी घरासाठी भडंगाच्या पुड्या घेतल्या, मलाही एक दिली. मी ती खाल्ली. प्रदर्शन एका मोठ्या शाळेच्या सभागृहात होतं. माझ्या टेबलामागे फ्लेक्स लावलेला: ‘श्रद्धेचे वजन’. खाली माझं नाव, आणि माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात ‘मार्गदर्शक: श्री. निकम सर’. साताऱ्याचा बटाटा वाटेत काळा पडला होता म्हणून मंडईतून नवा आणला.

साहेब परीक्षकांबरोबर आले. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं, लोक पुन्हा हसले. मी बटाटा तोलला. एक परीक्षक बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “तराजू फार सुंदर वापरतेस गं. आजकाल शिक्षकांनाही येत नाही. कुणी शिकवलं?”

साहेब शेजारीच उभे होते. प्रश्न इतका सरळ आला, आणि उत्तर तर मला निरोप म्हणून दिलेलं होतं. मागे सर होते हे खरं, पण मी सरांना भ्यायले नाही. त्या वयात मी कुणालाच भीत नव्हते. मला लाज वाटली. त्या बाईंची साडी, तिथला इंग्रजी बोलणारा घोळका, फ्लेक्सवरचं माझं नाव, आणि या सगळ्यात म्हणायचं की मला शाळेच्या शिपायाने शिकवलं! कष्टकऱ्यांच्या बाजूने लिहिलेल्या कागदांवर अक्षरं गिरवलेल्या मुलीला ते वाटलं. दुसऱ्यांचा तिरस्कार करण्यात मी तोवर तरबेज झाले होते, पण तो कुणाकुणासाठी माझ्या मनात साठला आहे याचा मला पत्ता नव्हता.

“निकम सरांनी,” मी म्हटलं.

बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. साहेबांनी सरांशी हात मिळवला. दुसरा क्रमांक आला.

प्रस्ताव आठवड्याभरात नामंजूर होऊन परत आला. वर्ष संपेपर्यंत बापूमामांना ठेवणार होते, पण ते थांबले नाहीत. मी कळल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्या खोलीवर गेले. वाटेत मी वाक्यं जुळवत होते, आणि तीही चांगली जुळत होती. खोलीत वळकटी बांधून तयार होती. पत्र्याची ट्रंक, स्टोव्ह, सिद्धनाथाची तसबीर गुंडाळलेली. मला बघून त्यांनी ट्रंकेवरचे कपडे बाजूला सारले.

“ये, बस. लंबर आला म्हणं तुझा?”

“दुसरा.”

“वा गं.” ते स्टोव्ह पेटवायला बसले. पंप मारताना पाठमोरेच बोलले, “तितला बटाटा घेतला व्हतास का हितला?”

“तिथला. आपला काळा पडला होता.”

“मग किती आलं?”

मला वाटलं होतं ते दुसरं काही विचारतील. त्यासाठी मी तयारी करून आले होते. सांगलीत कुणी घनता विचारली नव्हती. साहेबांनी नाही, त्या बाईंनीही नाही. सरांनी तर आकडा आधीच फ्लेक्सवर छापून नेला होता, आणि तो नवा बटाटा मी पाण्यात सोडलाच नव्हता.

“एक पूर्णांक शून्य आठ,” मी म्हटलं.

“किती डाव मोजला?”

“तीन.”

बापूमामांनी आधण ठेवलं आणि साखर टाकली. “म्हंजी आपल्यापरीस जड हाय,” ते म्हणाले. “पानी कमी असंल त्यात. तिकडची काळी जमीन.”

मी हो म्हटलं. त्यांनी एका कपात चहा ओतला. दुसरा कप बांधून झाला होता, म्हणून स्वतःसाठी पातेल्यातच ठेवला. कप त्यांनी माझ्या हातात दिला, आणि मी तो प्याले.